कलम सात (अ) आणि आईचा गुडघा

१ मार्च, शनिवार

गाडी आली. नाव नोंदवलं तेव्हा मुलगी तेरा वर्षांची होती, आता तीच गाडी शिकायचं म्हणते. हौसेखातर घेतलेली नाही, हे इथे लिहून ठेवतो. आईला बस लागते. भाड्याच्या गाड्यांचा वास तिला सहन होत नाही. मावशी नदीपलीकडे, चौदा किलोमीटरवर राहते. दर गुरुवारी दोघी बहिणी भेटायच्या. गेले चौदा महिने भेट नाही. मावशीचं खुब्याचं हाड मोडल्यापासून तिला येता येत नाही, आणि आई जात नाही. म्हणजे, जाऊ शकत नाही. ही गाडी विजेवर चालते. आवाज नाही, हादरा नाही, वास नाही. म्हणून घेतली.

ताबा देताना विक्री विभागातल्या बाईंनी अकरा पानी करार पुढे केला आणि पेनचं टोपण काढून दिलं. मी चष्मा लावला. पन्नास मिनिटं लागली. बाईंनी मध्ये दोनदा चहा मागवला.

"साहेब, हे आजपर्यंत कोणी वाचलेलं नाही," त्या म्हणाल्या. "मीसुद्धा."

कलम सात (अ) असं आहे: खरेदीदाराने ताबा मिळाल्यापासून बारा महिने गाडी विकू नये, भेट देऊ नये, कायमची अदलाबदल करू नये, आणि चौदा दिवसांहून जास्त काळ दुसऱ्याच्या हवाली करू नये. गाड्या थोड्या, गिऱ्हाइकं फार. लोक रांगेत नंबर लावतात आणि गाडी दारात आली की दीडपटीने दुसऱ्याला विकून मोकळे होतात. तसं केलं तर कंपनी दंड घेते आणि पुन्हा जन्मात गाडी देत नाही. मला कलम पटलं. बाईंनाही समजावून सांगितलं. मी वजनमाप खात्यात दुकानदारांचे काटे तपासतो. अटी हा माझा पोटापाण्याचा विषय आहे. सही केली.

गल्लीची रुंदी, फाटकाची रुंदी, वळणाचा घेर, गाडी लावायची जागा, सगळं मी नाव नोंदवतानाच टेपने मोजून ठेवलं होतं. गाडी फाटकातून आत आली तेव्हा दोन्ही बाजूंना सतरा-सतरा सेंटिमीटर उरले. मला समाधान वाटलं. बायकोने गाडीभोवती एक फेरी मारली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"अहो, ही एवढी बसकी असणार होती का?"

माहितीपत्रकातल्या फोटोत गाडीशेजारी माणूस उभा नव्हता. सीट जमिनीपासून एकतीस सेंटिमीटरवर आहे. दारं दोनच. मागे बसायचं तर पुढची सीट दुमडून रांगत जावं लागतं.

"बाबा, ही गाडी नाही, चप्पल आहे," मुलगी म्हणाली. "आत नुसता पाय घालायचा."

सगळं मोजलं. आईला मोजलं नाही.

२ मार्च, रविवार

"आई, चल. मावशीकडे."

"आज रविवार. रविवारी ती झोपते."

"फोन केलाय मी. वाट बघतेय."

आईने तयार व्हायला दीड तास घेतला. बसली मात्र सहज. या गाडीत बसणं म्हणजे पडणंच, पृथ्वी आपण होऊन मदत करते. वाटेत एकदाही मळमळलं नाही. "छान आहे रे गाडी," पुलावर ती म्हणाली. "अजून एक चक्कर मार हवं तर."

मावशी तळमजल्यावर राहते, खिडकी रस्त्याकडे. बरोबर समोर थांबलो. मी उतरून आईच्या बाजूचं दार उघडलं. आई हलली नाही.

"गुडघा," ती म्हणाली.

"काय झालं?"

"अडकला."

हात धरून ओढलं. काखेत हात घालून ओढलं. समोरचा न्हावी दुकानातून बाहेर आला, त्याच्यामागून अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक. "पाय आधी काढा, मग डोकं," न्हावी म्हणाला. "छे छे, डोकं आधी," गिऱ्हाईक म्हणालं. त्यांचा वाद मिटेना आणि आई निघेना. पंचवीस मिनिटं झाली.

"राहू दे बाळा," आई म्हणाली. "नशिबात नाही. घरी चल."

घरी आल्यावर मी तिला टेकायला स्टूल आणायला आत धावलो. स्टूल सापडेपर्यंत आई स्वयंपाकघरात उभी राहून पाणी पीत होती.

"कशी उतरलीस?"

"उतरले बाई कशीतरी."

मावशीच्या रस्त्याला उतार आहे. त्याने पाय अडकत असावा.

३ मार्च, सोमवार

बायको रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट आहे. सकाळी तिने आईचा गुडघा वाकवून, वळवून, दाबून पाहिला. "गुडघ्याला काहीही झालेलं नाही," म्हणाली आणि माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली. रोज तीस गुडघे बघणाऱ्या माणसाला एकतिसावा दिसेनासा होतो. कामाने माणूस असा बोथट होतो, याची मला स्वतःबद्दलही भीती वाटते.

संध्याकाळी मावशीचा फोन. मावशीला ऐकू येत नाही म्हणून फोन करण्यात अर्थ नाही, असं आई नेहमी म्हणते. माझं मात्र तिला सगळं ऐकू आलं. माझा आवाज खणखणीत असावा.

"खिडकीतून बघितली सगळी कुस्ती," मावशी म्हणाली. "आली नाही ना आत?"

"मावशी, तिचा गुडघा अडकला."

"हं. गुडघा." ती पुढे म्हणाली, "तिला म्हणावं, माझं कंबरडं मोडलंय, तोंड शाबूत आहे. बोलायचं असेल तर लवकर ये. तीस तारखेला मी जातेय."

मावसभाऊ तिला कायमची त्याच्याकडे नेणार आहे. दोन दिवसांचा रेल्वेचा प्रवास. तिथून परत येणं नाही. मावशी एक्क्याऐंशी वर्षांची, आई अठ्ठ्याहत्तर. सत्तावीस दिवस उरले.

आईला सांगितलं तेव्हा ती पालेभाजी निवडत होती. "जाईना का. सुखात राहो," म्हणाली. नंतर पाहिलं तर पानं कचऱ्यात होती आणि देठं पातेल्यात.

५ मार्च, बुधवार

डोळ्यांच्या दवाखान्यातून येताना सिग्नलला एका मोटारसायकलवाल्याने आमच्या दाराला ओरखडा काढला. मी पट्टा सोडेपर्यंत आई खाली उतरून त्याच्या हेल्मेटची काच वर करत होती. "डोळे घरी ठेवून येतोस का रे मेल्या?" वय आणि गुडघा लक्षात घेता हे कौतुकास्पद आहे. रागात माणसाला वेदना जाणवत नाहीत, असं कुठेसं वाचल्याचं आठवतं.

६ मार्च, गुरुवार

कार्यालयातून पाणसळ आणली. (साहेबांना विचारून, नोंदवहीत सही करून.) मावशीच्या दारासमोर ती रस्त्यावर ठेवून काचनळीतला बुडबुडा पाहिला. उतार दीड अंश. आमच्या फाटकापाशी सव्वा. पाव अंशाने एवढा फरक पडावा हे शास्त्राला धरून नाही. पण आज पुन्हा अठरा मिनिटं प्रयत्न केला आणि गुडघा निघाला नाही. न्हाव्याने खुर्ची आणून ठेवली होती. कुणासाठी ते कळलं नाही. शेवटी तोच तिच्यावर बसून बघत राहिला.

मी रस्त्यावर ओणवा होऊन उतार मोजत असताना खिडकीतून मावशी म्हणाली, "काय हरवलं रे?" आई पुढे, काचेतून सरळ समोर बघत बसली होती. तिला ऐकू आलं नसावं.

गाडी बदलली पाहिजे.

८ मार्च, शनिवार

मेहुण्याला बोलावलं. बायकोचा हा धाकटा भाऊ जुन्या घरसामानाचा व्यापार करतो आणि कुठलीही वस्तू कुठूनही बाहेर काढू शकतो. त्याने आल्या आल्या सांगितलं, आमच्या वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरला ही गाडी हवी आहे. त्याच्याकडे एक उंच, चौकोनी, कपाटासारखी गाडी आहे. ती आणि वर पाहिजे तेवढे.

मी कलम सात (अ) वाचून दाखवलं.

"भाऊजी, नियम वाचणाऱ्याला लागू होतात," तो म्हणाला. "तुम्ही वाचलंतच कशाला?"

"सही करायची म्हणजे—"

"चोरीला गेली म्हणून सांगा."

"ते खोटं होईल."

"मग खरंच चोरीला देऊ. माणसं आहेत ओळखीची."

आई आतून ऐकत होती, ती बाहेर आली. "कंपनीचं बरोबर आहे," ती म्हणाली. "कुणी हौसेनं एखादी वस्तू द्यावी आणि घेणाऱ्यानं वर्षभरही न ठेवता ती बाजारात मांडावी, ही काय रीत झाली? दंडच केला पाहिजे."

"आई, कंपनीने दिलेली नाही. मी विकत घेतलीय."

"तेच ते. देणाऱ्याचा जीव असतो वस्तूत."

बायको आणि मुलगी एकमेकींकडे बघत होत्या. मुलीने विचारलं, "आजी, कुठली वस्तू गं?"

"गाडी. गाडीबद्दलच चाललंय ना?"

आई कलमाच्या बाजूने इतक्या पोटतिडकीने बोलेल असं वाटलं नव्हतं. तत्त्वाला धरून राहण्याचा गुण माझ्यात कुठून आला ते कळलं.

१० मार्च, सोमवार

कलम सात (ई): असाधारण अडचण असल्यास खरेदीदाराने अर्ज करावा. कंपनी स्वखर्चाने पडताळणी करेल आणि खात्री पटल्यास गाडी मूळ किमतीला परत घेईल. आज अर्ज लिहिला. 'अडचणीचं स्वरूप' या रकान्यात लिहिलं: आईला गाडीतून उतरता येत नाही. लिहिल्यावर टोचणी लागली. येत नाही म्हणजे कधीच येत नाही, असा अर्थ होतो. म्हणून सगळ्या नोंदी जोडल्या. घरासमोर: सात वेळा बसली, सातही वेळा उतरली. डोळ्यांचा दवाखाना: उतरली. सिग्नल: उतरली (विशेष परिस्थिती). बहिणीचं घर: दोन वेळा, दोन्ही वेळा उतरता आलं नाही. उताराची मापं जोडली. निष्कर्ष: उतार.

मुलीने वाचलं. "बाबा, हे पाठवताय? असंच्या असं?"

"खरं आहे ते."

"खरं आहे म्हणूनच विचारतेय."

१३ मार्च, गुरुवार

कंपनीकडून फक्त अर्ज पोचल्याचं कळलं. दहा कामाचे दिवस लागतील म्हणतात. तीस तारीख जवळ येतेय.

कराराची पानं पुन्हा चाळताना लक्षात आलं की चौदा दिवसांपर्यंत गाडी दुसऱ्याच्या हवाली करायला मनाई नाही. तेव्हा दातांच्या डॉक्टरशी तीन दिवसांची अदलाबदल. ही पळवाट आहे का? पळवाट म्हणजे नियमाचा हेतू चुकवणं. हेतू नफेखोरी थांबवणं हा आहे. मी नफा घेत नाही. तरी डॉक्टर खुशीत येऊन माझे दात फुकट तपासून देतो म्हणाला, तेव्हा नको म्हटलं.

१४ मार्च, शुक्रवार

आई डॉक्टरच्या कपाटात एका दमात चढली. मावशीच्या दारासमोर थांबलो. मी मनात म्हटलं, जिंकलो.

"उंच आहे रे," आई म्हणाली. "खाली बघितलं की भोवळ येते."

न्हाव्याने खुर्ची आणली, खुर्चीवर पाट ठेवला, पाटावर स्वतःचा टॉवेल घडी करून ठेवला. आईने डोळे मिटून घेतले. समोर मावशीच्या खिडकीचं एक दार आपटलं.

निष्कर्ष: आईला मध्यम उंचीचं वाहन लागेल. मी सगळ्या वाहनांच्या उंच्या पाहिल्या. तिला सोयीची पायरी फक्त बसला असते, आणि बस लागते.

बायको म्हणाली, "अहो, वाहन बदलून काय होणार? जायचं ठिकाण तेच आहे ना?" तिला काय म्हणायचं होतं ते विचारायचं राहून गेलं; तेवढ्यात डॉक्टरचा फोन आला की चप्पलचे वायपर कुठून बंद होतात.

१८ मार्च, मंगळवार

पत्र आलं. शुक्रवारी पडताळणी अधिकारी येतील, आणि अर्जात लिहिलेल्या प्रवासावर प्रत्यक्ष चाचणी घेतील.

"मी कशाला?" आई म्हणाली. "तपासणी गाडीची ना?"

"तुझीही."

"मला त्या दिवशी बरं नसणार."

"आई, आज मंगळवार आहे."

"म्हणूनच आधी सांगतेय."

२१ मार्च, शुक्रवार

सविस्तर लिहितो.

अधिकारी साडेदहाला आले. साठीला टेकलेले, सडपातळ, बगलेत फाइल, गळ्यात स्टॉपवॉच. मी स्टॉपवॉचचं प्रमाणपत्र मागितलं. त्यांनी खिशातून काढून दिलं. मुदत संपलेली नव्हती. असा माणूस पुष्कळ दिवसांनी भेटला.

"तुमची नोंदवही आमच्या ऑफिसात सगळ्यांनी वाचली," ते म्हणाले.

"काही चूक होती का?"

"अजिबात नाही," असं म्हणून ते खिडकीबाहेर बघू लागले.

आईला बायकोने समजावलं. काय सांगितलं ते माहीत नाही, दार लावलेलं होतं. अधिकारी पुढची सीट दुमडून मागे रांगत गेले आणि गुडघे हनुवटीला लावून बसले. आई पुढे. मी चालवायला.

मावशीच्या घरासमोर थांबलो. अधिकाऱ्यांनी बटण दाबलं.

"गुडघा," आई म्हणाली.

त्यांनी लिहून घेतलं. एक मिनिट झालं. दोन. न्हावी नुसता दारात उभा होता. आता त्याच्याही कल्पना संपल्या होत्या. चौथ्या मिनिटाला इमारतीचं दार उघडलं आणि वॉकर टेकत, टक, टक, टक, मावशी बाहेर आली. पंधरा पावलांना तिला किती वेळ लागला ते मी मोजलं नाही. ती आईच्या खिडकीशी आली आणि काचेवर बोटाने वाजवलं.

"काच खाली घे."

आई समोर बघत राहिली. माझ्या बाजूलाही त्या काचेचं बटण आहे. मी दाबलं.

"किती वेळ बसणार आहेस आत?" मावशी म्हणाली.

"गुडघा अडकलाय."

"चौदा महिने?"

आईने मान वळवली. माझ्या आईचा असा चेहरा मी पाहिलेला नाही. लहान मुलीसारखा होता. "मशीन विकलंस तू," ती म्हणाली. "माझ्या हातचं मशीन. वीस वर्षं तेल घालून जपलेलं. मला दिसलं जुन्या बाजारात. कुंडी ठेवली होती कुणीतरी त्याच्यावर!"

"कुठलं मशीन?" मी विचारलं.

"शिवणाचं!" दोघी एकदम म्हणाल्या.

"विकलं," मावशी म्हणाली. "अकरा महिन्यांनी विकलं."

"बारा महिने ठेवायला हवं होतं," मागून आवाज आला. अधिकारी सवयीने बोलून गेले होते. दोघींनी त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांनी फाइल छातीशी धरली.

"अगं, उलटं धावायचं ते!" मावशी म्हणाली. "पुढे शिवावं तर मागे यायचं. सहा उशांचे अभ्रे खाल्ले त्यानं."

"मग मला सांगायचं होतंस."

"तुला सांगितलं असतं तर तू दुरुस्त करून परत आणून दिलं असतंस!"

"दिलंच असतं," आई म्हणाली.

"तेच म्हणतेय मी. आयुष्यभर देतच आलीस. नको म्हणायची सोय ठेवलीस कधी?" मावशीने वॉकर दाराला टेकवला. "हाड मोडून पडले होते मी. सगळे येऊन गेले. तू आली नाहीस."

आईने पदार्थ करपल्यावर करते तसं तोंड केलं, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "तू उतर. तिला बसू दे. उभी किती वेळ राहील ती?"

मी उतरलो. मावशी वॉकर टेकत फिरून आली आणि माझ्या सीटवर पडली. तिने दार लावून घेतलं. आईने तिच्या बाजूचं लावलं. काचा वर गेल्या. मागे अधिकारी होते, आणि या गाडीत पुढची सीट दुमडल्याशिवाय मागच्याला बाहेर येता येत नाही.

पावणेदोन तास. मी आणि न्हावी फुटपाथवर दोन खुर्च्या टाकून बसलो. आतलं ऐकू येत नव्हतं. आवाज आत-बाहेर होत नाही ही या गाडीची खरोखरच मोठी खुबी आहे. दिसत होतं मात्र. आधी दोघींचे हात चालले होते. अधिकारी लिहीत होते. मग त्यांनी लिहिणं थांबवलं. मग आईने मागे वळून त्यांना काही विचारलं आणि ते बराच वेळ बोलले. मग मावशीने त्यांना रुमाल दिला.

"आत कोण आहेत ते?" न्हाव्याने विचारलं.

"कंपनीचे अधिकारी."

"रडतायत का?"

"पडताळणी चालू आहे," मी म्हणालो.

शेवटी हॉर्न वाजला. मावशीला बाहेर यायचं होतं आणि ती खरोखरच अडकली होती. मी उठायच्या आत आईचं दार उघडलं, आई बाहेर, गाडीला वळसा, पलीकडचं दार उघडलं, एक पाय चाकाशी रोवला आणि बहिणीला हाताला धरून बाटलीच्या बुचासारखी बाहेर काढली. आतून टक् असा आवाज आला. अधिकाऱ्यांच्या अंगठ्याने आपलं काम केलं होतं.

"चार पूर्णांक दोन दशांश सेकंद," ते म्हणाले. "स्वतः उतरायला. बाकीचं धरलेलं नाही."

त्यांना बाहेर काढायला मी आणि न्हावी लागलो. फुटपाथवर उभे राहून त्यांनी कपडे झटकले. "साहेब, मला जे दिसलं ते लिहावं लागेल."

"अर्थात," मी म्हणालो. "मीही तेच केलं असतं." आम्ही हात मिळवला.

आई आणि मावशी तोवर आत गेल्या होत्या. संध्याकाळी सातला आईला आणायला गेलो तर म्हणाली, "एवढ्यात?"

मशीनचा आणि गुडघ्याचा संबंध मला नीट लागत नाही. बायको म्हणते, शांतपणे विचार करा, उद्यापर्यंत लागेल.

२२ मार्च, शनिवार

लागला.

ती नोंदवही त्यांच्या ऑफिसात सगळ्यांनी वाचली आहे, हे आठवून दिवसभर कुणाच्या डोळ्याला डोळा देववला नाही.

२५ मार्च, मंगळवार

आई रोज जाते. सकाळी कामावर जाताना सोडतो, येताना आणतो. उतार तोच आहे.

मी आईला विचारलं, मला का नाही सांगितलंस? म्हणाली, "तू सरळ तिला जाऊन विचारलं असतंस." खरं आहे. तसंच केलं असतं. आणि मापही घेतलं असतं.

मेहुणा येऊन गेला. आईने त्याला जुन्या बाजारात तेच मशीन शोधायला सांगितलं आहे. मावशीला देण्यासाठी नाही. फक्त कोण कुंडी ठेवतंय ते बघायचंय म्हणते.

३० मार्च, रविवार

मावशी गेली. स्टेशनवर तिने आईला एक भिंतीवरचं घड्याळ दिलं, जुन्या चादरीत गुंडाळलेलं. "रोज दहा मिनिटं मागे पडतं," ती म्हणाली. "वीक, फेक, कुणाला दे. मी विचारणार नाही."

"विकीन कशाला?" आई म्हणाली.

"ते तू बघ. मी विचारणार नाही."

गाडी हलली तेव्हा दोघींनी हात हलवले नाहीत. मावशी खिडकीतून काहीतरी सांगत होती आणि आई "काय? काय?" करत फलाटावरून चालत होती, चांगली वीस-पंचवीस पावलं, झपाझप. मग फलाट संपला.

परत येताना पुलावर मी म्हटलं, घड्याळ कार्यालयात नेऊन लावून आणतो, बिनचूक चालेल.

"हात लावशील तर बघ," आई म्हणाली.

३ एप्रिल, गुरुवार

कंपनीचं पत्र. 'अर्जदाराच्या आई ४.२ सेकंदांत विनासाहाय्य वाहनाबाहेर आल्या व तदनंतर त्यांनी अन्य एका ज्येष्ठ व्यक्तीस वाहनाबाहेर काढले. सबब अर्ज नामंजूर. असमाधान असल्यास पंधरा दिवसांत अपील करावे.' नोंद निर्दोष आहे. खाली पेनने, वेगळ्या शाईत: 'त्या दिवशी घरी जाऊन धाकट्या भावाला फोन केला. त्याने उचलला नाही. परत करणार आहे.'

६ एप्रिल, रविवार

दुपारी आईने गाडीची किल्ली मागितली. मी घाबरलो, तिला चालवता येत नाही.

"चालवायचीय कुणाला? घरात सगळे कान टवकारून बसलेले असतात. मला ताईशी बोलायचंय."

ती फाटकाशी उभ्या असलेल्या चप्पलमध्ये जाऊन पडली, काचा लावून घेतल्या आणि फोन लावला. मी खिडकीतून पाहिलं. हात चालले होते. एकदा तिने कपाळावर हात मारला, एकदा इतकी हसली की डोकं मागे टेकलं. दातांचे डॉक्टर जिना उतरताना थांबले आणि गाडीकडे बघत मला म्हणाले, अपील करा की, मी थांबायला तयार आहे.

आज आईला गाडीतून बाहेर यायला एक तास बावीस मिनिटं लागली. मधल्या काळात मी दोनदा जाऊन दार उघडलं. दोन्ही वेळा तिने हातानेच मला परत पाठवलं. घरासमोर, सव्वा अंशाच्या उतारावर, असं प्रथमच घडलं आहे. माझ्या अर्जाच्या दृष्टीने हा नवा आणि महत्त्वाचा पुरावा आहे, आणि अपिलाची मुदत अजून शिल्लक आहे. ही माहिती कंपनीला कळवणं माझं कर्तव्य ठरतं का, याचा पुष्कळ विचार केला.

कळवणार नाही.